पंचतारांकित हॉटेलातील मत्स्यभोजन : आरक्षणापासून बिलापर्यंत

आलिशान हॉटेलातील सी-फूड रेस्टॉरंटचे बिल एवढे मोठे का होते, हे नीट समजून घेतले की तिथे कसे जेवावे याचे बरेचसे उत्तर आपोआप मिळते. स्वयंपाकघरात येणाऱ्या मालापैकी मासळी सर्वांत लवकर बिघडते. शेवंड थंड, खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत सांभाळावी लागते, कालवांना गोड्या पाण्याचा स्पर्श होऊ न देता गारव्यात आणि ओलाव्यात ठेवावे लागते, अख्खे मासे बर्फावर मांडताना वितळलेले पाणी सतत निथळून जाईल याची व्यवस्था करावी लागते, आणि एवढे करूनही जे वेळेत खपत नाही ते टाकून द्यावे लागते. हा सगळा खर्च पदार्थाच्या किमतीत मिळवलेला असतो. त्यावर कुशल हातांचे मोल चढते. ऑग्युस्त एस्कॉफिए हा फ्रेंच शेफ १८९० मध्ये हॉटेल व्यवस्थापक सेझार रिट्झ यांच्यासोबत लंडनच्या सव्हॉय हॉटेलात आला. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत त्याने कामांची जी काटेकोर विभागणी रुजवली, तिच्यात मासळीचा आचारी स्वतंत्र असतो आणि ही रचना आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. म्हणजे आपण पैसे मोजतो ते ताजेपणाचे आणि जाणकारीचे. या दोन्ही गोष्टी मेन्यूवर छापलेल्या नसतात. त्या विचारून मिळवाव्या लागतात, आणि संकोच बाजूला ठेवून योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे हेच अशा ठिकाणी जेवणाऱ्याच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे, असे माझे ठाम मत आहे.

आरक्षण करताना

आरक्षण ऑनलाइन होत असले तरी एकदा रेस्टॉरंटशी फोनवर बोलावे. मासळीच्या घाऊक बाजारांना बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक-दोन दिवस सुटी असते आणि त्याच्या लगतच्या दिवशी निवड कमी असू शकते, त्यामुळे "ताजा माल कोणकोणत्या दिवशी येतो?" हा पहिला प्रश्न असावा. त्या दिवशी जाणे शक्य असेल तर तोच दिवस धरावा. दुसरा प्रश्न आगाऊ मागणीचा आहे. मोठा अख्खा मासा, विशिष्ट वजनाची शेवंड, मिठात बंद करून भाजलेला मासा किंवा समुद्री मेव्याचे भले मोठे थंड ताट असे काही पदार्थ आदल्या दिवशी सांगितले तरच मिळतात, आणि अशा मागणीमुळे मालाची निवडही आपल्यासाठी खास केली जाते.

त्याच संभाषणात आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम कापली जाते, ठरावीक पदार्थांचे क्रमवार जेवण घ्यायचे झाल्यास टेबलावरील सर्वांनी तेच घेणे बंधनकारक आहे का, आणि दुपारच्या जेवणासाठी वेगळा, मोजक्या पदार्थांचा मेन्यू आहे का, हे विचारून घ्यावे. दुपारचा मेन्यू उपलब्ध असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याचाच विचार करावा, कारण स्वयंपाकघर तेच, माणसे तीच आणि किंमत बहुधा बरीच कमी असते. पोशाखाचे नियम हॉटेलाच्या संकेतस्थळावर असतात. तीव्र सुगंधाचे अत्तर मात्र नियमात नसले तरी टाळावे, कारण कालवांचा आणि नाजूक माशांचा गंध त्याखाली पूर्ण दडपून जातो.

ॲलर्जी आणि प्रकृती आधीच सांगावी

याबाबत कसलीही भीड बाळगू नये. कोळंबी, शेवंड आणि खेकडा यांच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कारणीभूत असते आणि ते शिजवल्याने निष्प्रभ होत नाही. माशांच्या ॲलर्जीमागे सहसा पार्व्हाल्ब्युमिन हे वेगळे प्रथिन असते. त्यामुळे एखाद्याला कोळंबी चालत नसली तरी मासा चालू शकतो, आणि याच्या उलटही घडू शकते. "सी-फूडची ॲलर्जी आहे" असे मोघम न सांगता नेमके काय चालत नाही आणि पूर्वी त्रास किती तीव्र झाला होता, हे आरक्षणाच्या वेळी आणि पुन्हा टेबलावर बसल्यावर सांगावे. तळणीचे तेल एकच असणे, सॉसमध्ये कोळंबीच्या कवचाचा स्टॉक, म्हणजे कवचे उकळून काढलेले पाणी, असणे, वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असणे अशा वाटांनी नको तो पदार्थ ताटात येतो. ॲलर्जी तीव्र असेल तर मासळीच हाताळणारे स्वयंपाकघर आपल्यासाठी सुरक्षित आहे का, हा निर्णय आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

गर्भवती स्त्रियांनी पाऱ्याचे प्रमाण जास्त असणारे मोठे शिकारी मासे टाळावेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या टाळण्याच्या यादीत शार्क, सोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल आणि बिगआय ट्यूना यांचा समावेश आहे. कच्च्या मासळीबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

मेन्यू वाचताना : वजन, दर आणि नाव

बिलावरून होणारी बहुतेक मनस्तापाची प्रकरणे इथेच सुरू होतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. मेन्यूत काही पदार्थांपुढे आकडा असतो, काहींपुढे "बाजारभावाप्रमाणे" असे लिहिलेले असते, आणि काहींपुढचा आकडा संपूर्ण पदार्थाचा नसून १०० ग्रॅमचा असतो. हा शेवटचा प्रकार बारीक अक्षरांत लिहिलेला असल्यामुळे नजरेतून सहज सुटतो. छापलेला दर १०० ग्रॅमचा असेल आणि आपल्यासाठी निवडलेला मासा १,४०० ग्रॅमचा असेल, तर बिलावर त्या आकड्याच्या चौदापट रक्कम येणार आणि त्यावर कर व सेवाशुल्क वेगळे लागणार. म्हणून वजनावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाबाबत तीन गोष्टी विचाराव्यात : दर कोणत्या वजनाचा आहे, वजन साफ करण्यापूर्वीचे धरतात की नंतरचे, आणि आपल्यासाठी निवडलेल्या माशाची एकूण किंमत किती होईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाल्याशिवाय होकार देऊ नये. चांगल्या रेस्टॉरंटमधील कर्मचाऱ्यांना हा प्रश्न मुळीच खटकत नाही, उलट उत्तम प्रशिक्षण असलेला वेटर तो विचारण्याआधीच वजन आणि रक्कम सांगतो. यजमान आपण असू आणि पाहुण्यांसमोर रकमेची चर्चा नको असेल, तर थोडे आधी पोहोचून व्यवस्थापकाशी बोलून ठेवावे, किंवा मेन्यूतील आकड्यावर बोट ठेवून "साधारण या मर्यादेत सुचवा" असे शांतपणे सांगावे.

किती मागवावे याचाही हिशेब वजनावरच बसतो. अख्ख्या माशातून डोके, काटे आणि पोटातला भाग वजा जाता खाण्याजोगे मांस साधारण निम्मे किंवा त्याहून काहीसे कमी उरते. जिवंत शेवंडीच्या वजनापैकी मांस जातीनुसार सुमारे पाव ते एक तृतीयांश असते. मुख्य पदार्थ म्हणून दर माणशी ४०० ते ५०० ग्रॅम अख्खा मासा पुरेसा होतो. आधी दोन-तीन थंड पदार्थ होणार असतील तर त्याहून कमी घ्यावा. दोघांसाठी दीड किलोचा मासा सुचवला गेल्यास लहान मासा आहे का, हे जरूर विचारावे.

आता नावाबद्दल. शेवंड म्हणून जे मिळते त्यात दोन निराळे प्राणी असतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील लॉब्स्टरला दोन जाडजूड नांग्या असतात आणि त्याचे मांस नांग्या व शेपूट या दोन्हींत असते. काटेरी शेवंडीला तशा नांग्या नसतात, तिच्या मिशा लांब आणि जाड असतात व मांस मुख्यतः शेपटीत असते. दोन्हींची चव, पोत आणि दर वेगळे असतात, म्हणून कोणती आहे ते विचारावे. स्कॅलप या शिंपल्यातील गोल, मांसल गराच्या बाबतीत ते फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेले आहेत का, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. भिजवलेला स्कॅलप पांढराशुभ्र आणि फुगलेला दिसतो, तव्यावर पाणी सोडतो आणि त्याला खरपूस रंग येत नाही. न भिजवलेला किंचित दुधी, पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेला असतो. "व्हाइट ट्यूना" हे नाव दिसल्यास प्रत्यक्ष मासा कोणता आहे ते विचारूनच पुढे जावे. या नावाखाली काही ठिकाणी एस्कोलार विकला जातो. त्याच्या अंगातील मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही आणि पोट बिघडते; जपानने त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. माशांच्या जातींची अशी अदलाबदल अनेक देशांतील डीएनए चाचण्यांतून उघड झालेली आहे, आणि कापलेल्या, सॉसखाली झाकलेल्या तुकड्यात ती ओळखणे जवळजवळ अशक्य असते. अख्खा मासा मागवण्याच्या बाजूने मला वाटणारे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

समुद्रात पकडलेला मासा नेहमीच श्रेष्ठ आणि संवर्धित मासा नेहमीच हलका, असे मानू नये. अटलांटिक सामन मासा आज जगभरात जवळजवळ सगळाच संवर्धित असतो, आणि बहुतेक कालवेही पैदास करूनच मिळतात. मासा कुठून आणि कोणत्या पद्धतीने आला हे सांगता येणे, हा रेस्टॉरंटच्या प्रामाणिकपणाचा चांगला निकष आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र समुद्री मासेमारीसाठी असते, तर २०१० मध्ये स्थापन झालेल्या ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र संवर्धनासाठी असते. साठे घटत चाललेला मासा महागडा आहे म्हणून मागवणे मला पटत नाही, आणि त्याला तोडीस तोड चवीचा पर्याय विचारला तर तो बहुधा मिळतो.

मासा पाहून घ्यावा

अख्खा मासा निवडताना तो टेबलाशी आणून दाखवायला सांगावे, किंवा बर्फावर मांडलेल्या माशांपाशी स्वतः जावे. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक किंवा गडद गुलाबी, खवले घट्ट आणि त्वचा ओलसर चमकदार असावी. वास समुद्राच्या पाण्याचा यावा, वशट येऊ नये. कल्ले उघडून दाखवण्याची विनंती करण्यात काही वावगे नाही.

ताजेपणाबद्दलचा एक समज येथे दूर करायला हवा. आजच पाण्यातून काढलेला मासा आजच सर्वांत रुचकर लागतो, असे प्रत्येक जातीबाबत खरे नसते. मेल्यानंतर काही काळ माशाचे स्नायू ताठरलेले असतात. टर्बटसारखा मोठा चपटा मासा नीट थंड ठेवला तर दोन-तीन दिवसांनी अधिक मऊ आणि चवदार होतो, आणि काही शेफ मोठे मासे आर्द्रता नियंत्रित केलेल्या शीतकपाटात आणखी काही दिवस मुरवतात. जपानी इकेजिमे पद्धतीत पकडल्याबरोबर माशाचा मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करून रक्त काढून टाकतात, त्यामुळे मासा तडफडत नाही, स्नायूंतील ऊर्जा टिकते आणि मांस संथपणे, चांगल्या रीतीने मुरते. म्हणून "आजचाच आहे ना?" असे विचारण्यापेक्षा "हा मासा कधी आला आणि तुम्ही तो कसा ठेवला आहे?" असे विचारावे. या प्रश्नाला वेटर स्वयंपाकघरात जाऊन नेमके उत्तर घेऊन आला, तर आपण योग्य जागी बसलो आहोत असे समजावे.

कच्चे पदार्थ : कालवे, साशिमी आणि कॅव्हियार

कालव उघडण्याच्या क्षणापर्यंत जिवंत असले पाहिजे. ते मागवल्यानंतर उघडले जावे. आधीच उघडून ठेवलेली कालवे घेऊ नयेत. शिंपल्यात स्वच्छ खारे पाणी असावे, मांस भरदार असावे आणि गंध समुद्राचा यावा. कोरडे पडलेले, गढूळ पाण्यातले किंवा उग्र वासाचे कालव न खाता परत करावे. इंग्रजी नावात "आर" हे अक्षर असलेल्या महिन्यांतच कालवे खावीत, हा जुना नियम उत्तर गोलार्धातील उन्हाळा टाळण्यासाठी होता, कारण त्या काळात कालवे प्रजननामुळे मऊ आणि दुधाळ होतात व कोमट पाण्यात जिवाणूही वाढतात. संवर्धित कालवांत आता प्रजनन न करणारे, गुणसूत्रांचे तीन संच असलेले वाण असतात. ते उन्हाळ्यातही भरदार राहतात. प्रकार अनेक असतील तर प्रत्येकाची दोन-दोन मागवावीत आणि सौम्य प्रकाराकडून खारट, धातूसारख्या तीव्र चवीच्या प्रकाराकडे जावे. पहिले कालव काहीही न पिळता खावे, दोन-तीनदा चावावे आणि शिंपल्यातील पाणीही प्यावे. न चावता गिळल्यास मिठाखेरीज काही कळत नाही.

यकृताचे आजार, मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कच्ची कालवे खाऊ नयेत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू अशा व्यक्तींमध्ये जीवघेणा ठरू शकतो, आणि लिंबू, तिखट सॉस किंवा मद्य यांनी तो मरत नाही. त्यांच्यासाठी भाजलेली, पूर्ण शिजलेली कालवे हा उत्तम पर्याय आहे.

साशिमी किंवा तत्सम कच्च्या माशाच्या पदार्थांत मुख्य धोका परजीवींचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवावा. काही ट्यूना जातींना आणि नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या काही माशांना यातून सूट आहे. तेव्हा कच्चा मासा आधी गोठवलेला आहे असे सांगितले गेले तर नाराज होऊ नये, कारण ती दक्षता आहे. लिंबाच्या रसात मुरवलेला मासा शिजल्यासारखा पांढरा दिसत असला तरी त्यातील परजीवी मेलेले असतीलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. ब्लूफिन ट्यूनाचे तुकडे मागवल्यास कमी चरबीच्या लालभडक आकामीपासून सुरुवात करून मध्यम चरबीचा चुतोरो आणि शेवटी पोटाकडचा, सर्वांत स्निग्ध ओतोरो असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने खाल्ल्यास आकामीची चव लागतच नाही.

कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी होय. इतर माशांच्या गाबोळीलाही काही ठिकाणी हेच नाव देतात, म्हणून मासा विचारून घ्यावा. स्टर्जनच्या सर्व जाती १९९८ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहेत, आणि मूळ डब्यावर जातीचा संकेत, उगम, देश व वर्ष दर्शवणारा क्रमांक असतो. डबा टेबलावर आणून दाखवायला सांगावे. दोघांसाठी ३० ग्रॅम पुरतात. चांदीच्या चमच्याने चव बिघडते, म्हणून शिंपल्याचा चमचा देतात. कांदा आणि अंडे सोबत आले तरी पहिला घास नुसताच घ्यावा.

पदार्थांचा क्रम आणि शिजवण्याची सूचना

थंडाकडून गरमाकडे, कच्च्याकडून शिजलेल्याकडे आणि सौम्याकडून मसालेदाराकडे हा क्रम मासळीला सर्वांत मानवतो. दोन माणसांनी दोन थंड पदार्थ, एक गरम कवचाचा पदार्थ आणि एक अख्खा मासा वाटून घेणे मला आदर्श वाटते. दोघांनी स्वतंत्र मुख्य पदार्थ घेतले तर खर्च वाढतो आणि अख्ख्या माशाची संधी जाते. सर्व पदार्थ एकदम आणू नयेत, असे स्पष्ट सांगावे. ब्रेड आणि लोणी आधी येतात. त्यांवर भूक भागवू नये, मात्र शिंपल्यांच्या रश्शासाठी एखादा तुकडा राखून ठेवावा.

उत्तम ताज्या माशाला साधी पाककृती हवी असते. वाफवणे, मिठात भाजणे, निखाऱ्यावर शेकणे किंवा लोण्यात परतणे यांत माशाची चव राहते. चीज आणि दाट साय घातलेल्या पदार्थांत महाग मासा आणि साधा मासा यांतील फरक पुसला जातो. त्या रकमेत असे पदार्थ मागवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

शिजवण्याबाबतचा प्रश्न वेटरने विचारला नाही तर आपण सांगावे. अमेरिकेतील शासकीय शिफारस माशाच्या आतील तापमानासाठी ६३ अंश सेल्सियस आहे, पण मोठ्या रेस्टॉरंटांत सामनसारखे मासे ५० अंशांच्या आसपास, आतून ओलसर ठेवून वाढले जातात. आपल्याला पूर्ण शिजलेला हवा असेल, किंवा प्रकृतीमुळे तसा खाणे भाग असेल, तर मागवतानाच सांगावे. माकूळ एक तर क्षणभर तापल्या तव्यावर परतावे किंवा मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते, मधल्या वेळेत ते चिवट होते. म्हणून ते चिवट आल्यास दोष शिजवण्याचा आहे हे ओळखावे.

शेवंड, खेकडा आणि अख्खा मासा खाताना

कवचाचे पदार्थ हातांनी खाणे सर्वत्र मान्य आहे, आणि त्यासाठीच अडकित्त्यासारखा चिमटा, लांब निमुळता काटा आणि बोटे धुण्यासाठी पाण्याचा वाडगा दिला जातो. शेवंड आल्यावर, नांग्या असतील तर, आधी त्या पिळून सुट्या कराव्यात, सांधे मोडावेत, चिमट्याने कवच फक्त तडकवावे आणि मांस अखंड ओढून काढावे. फार जोराने दाबल्यास कवचाच्या कपच्या मांसात घुसतात. शेपटीतील काळसर नळी काढून टाकावी. डोक्यातील हिरवट मऊ भाग काहींना आवडतो, पण अमेरिकी लॉब्स्टरमधील हा भाग न खाण्याचा सल्ला तिथले अन्न व औषध प्रशासन देते, कारण समुद्रातील विषारी द्रव्ये त्यात साठू शकतात. खेकड्याचे बारीक पाय मोडून एका टोकाने मांस बाहेर ढकलावे आणि छातीच्या दोन्ही बाजूंचे मऊ, बोटांसारखे कल्ले टाकून द्यावेत. हा खटाटोप नको असेल तर "स्वयंपाकघरातच सोलून आणा" असे सांगावे. बहुतेक ठिकाणी ते आनंदाने करतात.

शेवंडीला कसे मारले जाते, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून लॉब्स्टरला आधी बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकण्यावर बंदी घातली, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्याने खेकडे, शेवंड, माकूळ यांना संवेदना असल्याचे मान्य केले. विजेच्या धक्क्याने बधिर करणे किंवा सुरीने क्षणात मारणे हे पर्याय उपलब्ध असताना ते वापरणाऱ्या स्वयंपाकघराला मी पसंती देईन.

अख्खा मासा वेटर टेबलाशेजारी सोडवून देत असेल तर ते जरूर करू द्यावे आणि पाहावे. स्वतः सोडवायचा झाल्यास पाठीच्या कण्याच्या रेषेवर सुरी टेकवून वरचा भाग दोन्ही बाजूंना सरकवावा, मधला काटा शेपटीकडून उचलून डोक्यासह बाजूला करावा आणि मग खालचा भाग घ्यावा. मासा उलटू नये, मांस मोडते. गालाचे छोटे गोल तुकडे आणि मानेमागचे मांस सर्वांत रसाळ असते, ते ताटात राहू देऊ नये.

पेयाबद्दल थोडक्यात सांगायचे तर शाब्ली, म्युस्कादे किंवा शॅम्पेन यांसारख्या आंबटसर, कोरड्या वाइन कवचाच्या पदार्थांना जुळतात. काही रेड वाइननंतर तोंडात मासळीची अप्रिय चव रेंगाळते, तिचा संबंध वाइनमधील लोहाशी असल्याचे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. वाइन सुचवणाऱ्याला रकमेची मर्यादा आधी सांगावी. मद्य न घेणाऱ्यांनी गोड सरबतांऐवजी थंड, न गोडवलेला चहा किंवा साधा सोडा घ्यावा. पाणी बाटलीचे हवे की साधे, या प्रश्नाला सवयीने उत्तर देऊ नये, कारण बाटलीचे पाणीही बिलात ठळकपणे दिसते.

काही बिघडले तर

तक्रार पहिल्या-दुसऱ्या घासालाच करावी, अर्धा पदार्थ संपल्यावर नाही. अमोनियाचा वास, पिठूळ आणि विरघळल्यासारखे शेवंडीचे मांस, कोरडे कालव ही पदार्थ परत करण्याची रास्त कारणे आहेत; शेवंड शिजवण्याच्या बरीच आधी मेली असेल तर तिच्या पचनरसांमुळे मांस असे पिठूळ होते. ट्यूना किंवा मॅकरेल खाताना जिभेवर मिरपुडीसारखी चुणचुण जाणवली तर तिथेच थांबावे. पुरेसा थंड न ठेवलेल्या अशा माशांत हिस्टामिन तयार होते आणि शिजवून ते नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे अशी लक्षणे काही मिनिटांत ते तासाभरात दिसू शकतात. श्वास घेताना त्रास किंवा ओठ, जीभ सुजणे असे काही झाल्यास कारण शोधत न बसता ताबडतोब आपत्कालीन वैद्यकीय मदत मागवावी. आलिशान हॉटेलांत डॉक्टरांना बोलावण्याची व्यवस्था असते, म्हणून कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे.

बिल तपासताना

बिल आल्यावर वजनावर घेतलेल्या पदार्थांच्या ओळी आधी पाहाव्यात आणि सांगितलेले वजन, दर व रक्कम यांच्याशी ताडून घ्याव्यात. आपण न मागवलेले, पण टेबलावर आलेले ब्रेड, पाणी किंवा जोडपदार्थ आकारले आहेत का, हे पाहावे. शेफकडून सुरुवातीला येणारा एखादा छोटा घास बहुधा मोफत असतो. सेवाशुल्क आधीच धरले असेल तर वेगळी टीप देण्याची सक्ती नसते. कोणी मासा सुरेख सोडवून दिला किंवा मनापासून मार्गदर्शन केले, तर त्याला स्वतंत्रपणे काही द्यावे आणि व्यवस्थापकापाशी त्याच्या नावाचा उल्लेख करावा. त्याच हॉटेलात मुक्काम असेल आणि बिल खोलीच्या खात्यावर टाकले असेल, तर सही करण्यापूर्वी टीपची रिकामी चौकट भरावी किंवा तिच्यावर रेघ मारावी, प्रत मागून घ्यावी आणि हॉटेल सोडताना अंतिम बिलाशी ती जुळवून पाहावी.